समेटाचा धडा

मार्थाबाई रणभिसे यांच्या चर्चमधल्या रविवारच्या वर्गात पोरांनी नुसतं घोकलेलं चालत नसे. बाकीचे शिक्षक एखादं गाणं म्हणवून घेत, एक वचन पाठ करवत, हातावर गोळी ठेवत आणि पोरांना घरी पिटाळत. बाईंचं तसं नव्हतं. वचन म्हणून झालं की त्या चष्म्यावरून बघत विचारत, आता घरी गेल्यावर याचं काय करशील ते सांग. तिथं भल्याभल्यांची दातखीळ बसायची. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले, बाई, पोरं आहेत ती, त्यांना काय लगेच संत करायचंय का? बाई म्हणाल्या, मग बोलावता कशाला, झोपू द्या की घरी. अशा बाई. तोंडानं फटकळ, पण शिकवण्यात तसूभर खोट नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. वर्गातली मोठी पोरं त्या वर्षी पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. सोलापूरच्या त्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक जुनी रीत होती. भाकर आणि द्राक्षारस वाटण्याआधी पाळकसाहेब मेजापुढं उभे राहून म्हणत, कुणाचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आत्ता उठावं, समेट करावा, मग इथं यावं. एवढं बोलून ते थांबत. चांगले थांबत. एखादं लेकरू कुरकुरे, कुणी खोके, पण उठत कुणी नसे. भांडणं काय कमी होती? सोयरिकीची होती, नळाच्या पाण्याची होती, पण सगळे कसे माना खाली घालून साळसूद बसत.

बाईंनी नेमकं तेच पोरांना शिकवायला घेतलं. ते थांबणं शोभेचं नाही, त्या म्हणाल्या. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर अर्पण तिथंच ठेवायचं आणि आधी त्याच्याकडं जायचं. चूक कुणाची ते बघायचं नाही. पहिलं कुणी बोलायचं तेही नाही.

तेव्हा रिबका उभी राहिली. ही केराबाईची नात, आजीबरोबर कुंभारीहून एसटीनं यायची. अंगानं किरकोळ, पण ऐकलेलं सोडायची नाही. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग बाई, तुमी शमुवेलमामाशी कधी बोलणार?"

शमुवेल म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. काही वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा बाई अकलूजला शाळेत शिकवत होत्या. निरोप मिळताच निघाल्या आणि वाटेत टेंभुर्णीला एसटी बंद पडली. मे महिना, त्यात सोलापूरचं ऊन. बाई पोचल्या तेव्हा आईला माती देऊन लोक परत फिरले होते. बाईंनी तिथंच चार लोकांत भावाला सुनावलं, "तू आईला उरकून टाकलंस." तो काही बोलला नाही. पुढंही कधी बोलला नाही. मग बाई तरी कशाला बोलतील? दर रविवारी दोघं एकाच देवळात बसत, तो पुरुषांच्या बाजूला, या बायकांच्या, आणि बाहेर पडताना दोघांची दारं वेगळी. सगळ्या मंडळीला हे ठाऊक होतं.

रिबकाला उत्तर द्यायचं सोडून बाई भडकल्या. मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसतेस, म्हणाल्या, आणि वर्ग सुटेपर्यंत तिला व्हरांड्यात उभं केलं. पोरगी रडली नाही. नुसती उभी राहिली.

झालं! बाईंच्या जिवाला आठवडाभर चैन नाही. दूध उतू गेलं, भाकरी करपली, शाळेत एकाचा कान दुसऱ्याच्या चुकीसाठी पिळला गेला. एक मन म्हणे, मी काय खोटं बोलले? थांबला असता थोडा तर काय आभाळ कोसळलं असतं? दुसरं मन म्हणे, मे महिन्यात? त्या बिचाऱ्यानं बर्फ कुठून आणायचा होता? बुधवारी त्या तरातरा शमुवेलच्या चाळीपर्यंत गेल्या. नळावर भावजय दिसली, तशा वळल्या आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन परत आल्या. घरात कोथिंबीर आधीच होती.

शनिवारी तर त्यांनी कहर केला. पाळकसाहेबांच्या घरी जाऊन म्हणाल्या की उद्या उपासनेला फार वेळ लागेल, तेव्हा ते समेटाचं विचारायचं यंदा राहू द्या. हे तुम्ही म्हणताय बाई, एवढंच पाळकसाहेब म्हणाले. बाई चहा न घेताच उठल्या.

रविवार उजाडला. पोरं पांढरे कपडे घालून पुढच्या बाकांवर बसली. गाणं झालं, उपदेश झाला, आणि पाळकसाहेबांनी विचारायचं ते विचारलं. नेहमीसारखे थांबले. बाईंनी पलीकडं पाहिलं. शमुवेलची पाठमोरी मान दिसत होती. मानेवरचे केस पांढरे झाले होते. हे कधी झालं? ऊठ मार्थे, त्यांनी स्वतःला बजावलं. पण पाय उचलेनात. थोरला आहे तो, त्यानं उठावं, असं म्हणत त्यांनी मनाची समजूत घातली. पाळकसाहेबांनी भाकरीच्या ताटाकडं हात नेला, तेव्हा बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच श्वासाची त्यांना किळस आली.

तेवढ्यात रिबका उठली. सगळी मंडळी माना वळवून बघायला लागली. पोरगी सरळ बायकांच्या बाकांपाशी आली आणि बाईंपुढं हात जोडून उभी राहिली.

"बाई, मी तुमचं मन दुखवलं. माझं चुकलं. माफ करा."

चुकलं होतं कुणाचं आणि माफी मागत होतं कोण! चूक कुणाची ते बघू नको असं त्यांनीच शिकवलं होतं, आणि पोरीनं खरोखरच बघितलं नव्हतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर त्या शरमेतही आनंद झाला, इतका की डोळे भरून आले.

"तुझं नाही गं चुकलं," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. जा, बस जागेवर."

आणि त्या उठल्या. मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेल्या. तिकडं कधी कुठली बाई बसली नव्हती. पाळकसाहेबांचा हात ताटावरच राहिला. शमुवेल समोर बघत होता. आठवडाभर जुळवलेलं एकही वाक्य बाईंना आठवेना.

"दादा," त्या म्हणाल्या, "सरक जरा."

तो सरकला. शेजारच्याला ढकलून सरकला. बाई टेकल्या. मग तो बोलला, पण समोर बघतच, अगदी हळू.

"स्टँडवर उभा होतो मी. टेंभुर्णीकडनं आलेली एक गाडी सोडली न्हाय बघायची. लोकांनी ओढून नेलं गं मला."

हे बाईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.