टांगलेल्या तंबाखूचं चित्र

आमच्या गावचा भरमू बेळगावच्या क्यांपात एका अमेरिकन बाईंच्या बंगल्यावर माळी होता. बाई मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तू नोकरांत वाटून टाकल्या. स्वयंपाक्याला पातेली मिळाली, भरमूला एक छत्री आणि एक पुस्तक. छत्री त्यानं स्वतःला ठेवली. पुस्तक घेऊन तो निपाणीकडच्या आमच्या गावी आला आणि आधी माझ्या दारात उभा राहिला.

"आण्णाप्पा, हे बघ. अमेरिकेत बी तंबाखू करत्यात रं!"

हे अडतीस साल. मी तिशीला आलो होतो आणि मला एक अक्षर येत नव्हतं. पुस्तक पातळ होतं, कागद मात्र जाड आणि गुळगुळीत. रंगीत चित्रं निराळी छापून पानांवर चिकटवलेली होती, एका पानावर एक, अशी सहा. पहिल्या चित्रात लाकडाचं मोठं छप्पर होतं आणि त्याच्या वाशांना तंबाखूची हिरवी झाडं उलटी टांगलेली होती. दुसऱ्यात तेच छप्पर जवळून. तिसऱ्यात नुसती पानं. चौथं सगळं पिवळं, पाचवं तांबूस. सहाव्यात छप्पर नाही, वासा नाही, पानाचा आकारही नाही. तांबड्या-पिवळ्या रंगाचे तुकडे आणि त्यांवर दाट काळे ठिपके.

ते ठिपके बघून मी उठून उभाच राहिलो.

विडीची तंबाखू आम्ही कापतो आणि शेतातच जमिनीवर वाळवतो. दिवसा ऊन, रात्री दव. ती चांगली वाळली की पानावर बारीक ठिपके उठतात. व्यापारी आधी ते ठिपके बघतो, मग पान. पुस्तकातले ठिपके तर हरभऱ्याएवढे होते! मी पानं पुन्हा उलटली. हिरवं, पिवळं, तांबूस, ठिपके. टांगल्यापासून तयार होईपर्यंतची सगळी रीत त्या माणसानं क्रमानं काढून ठेवली होती. प्रत्येक चित्राखाली बारीक इंग्रजी लिहिलेलं होतं. ते लागणारे दिवस असतील, असं मी धरून चाललो.

त्या सुगीला आप्पांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, गुडघे गेले होते. कापलेली तंबाखू कधी उलटायची, कधी गोळा करायची, हे घरातला एकच माणूस ठरवतो. पहाटे दवात शेतात जायचं, पान मुठीत दाबायचं, मूठ उघडायची आणि पान कसं उलगडतं ते बघून सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. आता आप्पांना हे काम दोघांपैकी एकाला द्यायचं होतं, मला किंवा माझा थोरला भाऊ रायाप्पा याला. ते काही बोलत नव्हते. मला ते काम हवं होतं. थोरल्याला आपोआप जातं म्हणून जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी आप्पांना टांगायचं सांगितलं.

"कुणी शिकवलं?"

"पुस्तकात हाय."

"तुला वाचता येतंय व्हय?" रायाप्पानं मध्येच विचारलं.

"चित्रं हायत की! आंधळा हाय का मी?"

आप्पांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "चार वळी घे. तुझ्या रीतीनं वाळव. चांगलं निघालं तर औंदापासनं वाळवण तुझं. न्हाय निघालं तर रायाप्पाचं. मग कुरकुर न्हाय."

मी गोठ्याच्या आढ्याला सुतळ्या बांधल्या आणि चार ओळींची झाडं उलटी टांगली. माझी बायको प्रेमला खालून झाडं वर देत होती. काम संपल्यावर तिनं मान वर करून बघितलं.

"मांडव झ्याक घातलायसा. नवरी कुठाय?"

"ठिपकं येऊ देत, मग हसशील."

रोज सकाळी मी पुस्तक उघडून गोठ्यात उभा राहायचो. आठव्या दिवशी पानं पिवळी पडली, अगदी चौथ्या चित्रासारखी. मी ते प्रेमलाला दाखवलं, भरमूला दाखवलं, रायाप्पाला तर मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "व्हय रं, पिवळी हायत खरी," आणि शेताकडे गेला. पंधराव्या दिवशी पानं तांबूस झाली. पुढं फक्त ठिपके राहिले होते.

ठिपके आले नाहीत. विसाव्या दिवशी देठाशी पांढरी बुरशी दिसली. रायाप्पाची जमिनीवरची तंबाखू तोवर गोळासुद्धा झाली होती आणि तिच्यावर ठिपके उठले होते. एकविसाव्या दिवशी मी पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि शाळेतल्या मारुतीराव मास्तरांकडं गेलो.

"मास्तर, पाचव्या चित्रापासनं सहाव्यापतुर किती दिस लागत्यात, तेवढं वाचून सांगा."

मास्तरांनी चष्मा लावला. "दिवस? पाचव्याखाली लिहिलंय एकोणीसशे चौदा. सहाव्याखाली एकोणीसशे वीस."

"सहा वर्सं टांगत्यात?"

मास्तर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. एका चित्रकाराच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. कुठलं चित्र कुठल्या सालातलं, हे बघणाऱ्यांना कळावं म्हणून हे पुस्तक छापलं होतं. त्यात त्याची सुरुवातीची चित्रं होती. पहिली तीन त्यानं चुलत्याच्या शेतावर काढली. पुढं तो शहरात गेला, तो परत आलाच नाही.

"मग ही पिवळी पानं?"

"पानं नाहीत ती. गवताचं रान आहे."

"आणि हे ठिपकं?"

मास्तरांनी बोट ठेवून ओळ वाचली. "'खिडकीतून दिसलेला रस्ता.' ती माणसं असतील, आण्णाप्पा. छत्र्या घेतलेली."

मी ते चित्र लांब धरलं, जवळ धरलं. माणसं काही दिसेनात. पण ज्या हातानं वाशावरची एकेक सुतळी काढली, त्याच हातानं हे का काढलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि बुरशी लागलेल्या तंबाखूपेक्षा तेच वाटभर डोक्यात राहिलं.

घरी येऊन मी आप्पांना सगळं खरं सांगितलं. रायाप्पाही होता. आप्पांनी पुस्तक मागून घेतलं, उन्हात धरलं आणि पहिलंच चित्र बघत बसले.

"हा दारातला माणूस बघ," ते म्हणाले. "गुडघ्यापतुर चिखल. अंगात जाड कोट. सुगी हाय आणि ह्याला थंडी वाजतीया. तिथली भुई वली असणार. खाली टाकलं तर कुजंल, म्हणून टांगत्यात. आपली भुई तापलेली असती."

मी त्या माणसाकडं वीस दिवस बघितलंच नव्हतं.

"वाळवण रायाप्पाचं," आप्पा म्हणाले. रायाप्पानं खाली बघितलं. मला वाटलं होतं तो हसेल.

"तुझ्यावर राग न्हाय माझा," आप्पा मला म्हणाले. "इतकं रोज बघणारा दुसरा न्हाय ह्या घरात. पर मास्तरकडं तू एकविसाव्या दिशी गेलास. पयल्या दिशी जायाचं हुतं. आता रोज जा."

"ह्या वयात?"

"वय काय इचारतोस? पान कोण बघणार त्ये ठरलं. तुला येळ हाय आता."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेलो. मास्तरांनी पाटी पुढं केली आणि म्हणाले, "अ पासून धरू."

"अ नको," मी म्हणालो. "आधी आकडे शिकवा, मास्तर. साल कसं लिहित्यात ते."