वीस पुढे धावणारा काटा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो, आणि तुम्ही माझं कौतुक करायच्या आधीच सांगून टाकतो, की मी पुष्कळ खोटं बोललो आहे. एकदा-दोनदा नाही, सलग आठ महिने. आणि तेही इतक्या साळसूद चेहऱ्यानं, की बघणाऱ्याला वाटावं, काय नेमकं यंत्र आहे हो हे!

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. दंडाला गुंडाळायचा निळा पट्टा, हातानं दाबायचा रबरी फुगा आणि आकड्यांची गोल तबकडी, एवढंच माझं शरीर. तबकडीच्या पोटात बारीक पितळी दाते आहेत. ते काट्याला फिरवतात. कारखान्यातल्या एका बाईनं मला तीन वेळा तपासलं आणि तिन्ही वेळा माझा आकडा बरोबर आला, तेव्हा तिनं माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार गर्व होता. आज तो आठवला की लाज वाटते.

तिथून मी लखनौला आलो. सरोजिनी नगरात, कानपूर रोडलगत एका खाजगी रुग्णवाहिका सेवेचा तळ आहे. तिथल्या एका साध्या गाडीत मला जागा मिळाली. मोठे मॉनिटर, पडदे वगैरे त्या गाडीत नव्हते. रक्तदाब सांगणारा मी एकटाच.

गाडीत रुग्णाजवळ बसून उपचार करणाऱ्याला ईएमटी म्हणतात. आमचे ईएमटी माणिकराव नलावडे. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होते, शेवटची नेमणूक लखनौला झाली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. गणवेशाची इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. एका शिकाऊ पोराच्या हातून थर्मामीटर फुटला होता, तेव्हा माणिकरावांनी त्याला तळावरच्या सगळ्यांसमोर अर्धा तास सुनावलं होतं. "रुग्णाला तुझं नाव ठाऊक नसतं," ते म्हणाले होते, "तुझ्या हातातल्या वस्तूवर त्याचा जीव असतो."

त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांनी फोनवर सांगितलेला आकडा हॉस्पिटलाच्या दारात कोणी पुन्हा मोजत नसे. "नलावडेजी की गाड़ी है? ठीक है, सीधा अंदर," असं म्हणत आणि दार उघडत. त्या विश्वासातला थोडा वाटा माझाही होता. म्हणून मी ऐटीत राहायचो.

मग मी पडलो. एका आजोबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं होतं. जिना अरुंद होता. माणिकरावांच्या खांद्यावरच्या पिशवीची चेन उघडी राहिली होती, आणि मी बाहेर निसटून थेट सिमेंटच्या पायरीवर आपटलो. पोटातला एक दाता सरकला. दुसऱ्या कोणाचंच लक्ष नव्हतं. माणिकरावांनी मला उचललं आणि माझा काटा बघितला. काटा शून्यावर शहाण्यासारखा उभा होता. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मला पिशवीत टाकलं.

खोड तीच होती माझी. रिकामा असताना मी शून्यावर अगदी बरोबर असायचो. पट्ट्यात हवा भरली, काटा वर चढला, की मात्र वीस पुढे धावायचो. नव्वद असले की एकशे दहा दाखवायचो. आठवड्याभरात माणिकरावांच्या ते ध्यानात आलं, कारण आत वॉर्डातल्या यंत्रावर आकडा दर वेळी वीसनं कमी निघत होता. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. ते मनातल्या मनात वीस वजा करू लागले. मी एकशे पन्नास दाखवले की ते एकशे तीस लिहीत. आकडा पुन्हा जुळू लागला.

तुम्ही विचाराल, सरळ सांगितलं का नाही? बिघडलेली वस्तू बदलून मिळते, पण त्यासाठी एक कागद भरावा लागतो, आणि त्या कागदावर लिहावं लागतं, कोणाच्या हातून बिघडली. थर्मामीटरसाठी दुसऱ्याला सोलून काढणाऱ्या माणसाला तिथं स्वतःचं नाव लिहवेना. आज लिहू, उद्या लिहू, असं करता करता महिने गेले. आणि मी? मला तर बरंच वाटत होतं. कागद भरला असता तर मला भंगारात टाकलं असतं. माणिकराव मला सांभाळून घेताहेत, अशी मी मनाची समजूत घातली. माझ्या अपराधाची सुरुवात तिथे झाली, पायरीवर नाही.

मार्चमध्ये माणिकरावांना तळावरच्या देखरेखीचं काम मिळालं आणि गाडी हिमानीकडे आली. हिमानी पेंडसे. वडील रेल्वेत इंजिनिअर, जन्म लखनौचा. घरात आई मराठीत बोलायची आणि ही हिंदीत उत्तर द्यायची, पण माणिकरावांशी मात्र हट्टानं मराठी बोलायची. चार महिने दुसऱ्या गाडीवर शिकून आली होती. स्वतःच्या जबाबदारीवर तिचा हा पहिलाच दिवस.

ड्यूटी बदलताना आमच्याकडे एक रीत आहे. जाणारा एकेक वस्तू दाखवतो, येणारा ती बघतो, यादीवर खूण होते आणि खाली दोघांच्या सह्या. ऑक्सिजन झाला, स्ट्रेचर झालं, मी आलो. हिमानीनं मला हातात घेतलं, काटा शून्यावर आहे हे नीट बघितलं आणि विचारलं, "काका, ह्याचं काही खास? म्हणजे कसं वापरायचं, काही सांगायचंय का?"

माणिकरावांनी तोंड उघडलं. मी श्वास रोखून बसलो. तेवढ्यात ड्रायव्हर सुबोध आरसा पुसत जवळ आला. माणिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग यादीकडे.

"नाही गं पोरी. सगळं ठीक आहे."

त्यांनी खूण केली आणि सही केली.

चौथ्या दिवशी दुपारी कानपूर रोडवर एका स्कूटीला ई-रिक्षानं धडक दिली. स्कूटीवर अबोली होती, हवाई दलातल्या विश्वजित मोहिते यांची बायको, वय अठ्ठावीस. आम्ही पोहोचलो तेव्हा ती रस्त्याकडेला बसलेली होती आणि बोलतही होती. हँडल पोटात डावीकडे लागलं होतं. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता.

हिमानीनं पट्टा गुंडाळला. मी एकशे बारा दाखवले. खरे होते ब्याण्णव. पोटात रक्त वाहतं आहे याची ती खूण होती, आणि मी ती वीस आकड्यांच्या मागे दडवली. नाडी जोरात होती. हिमानीला शंका आली. तिनं पुन्हा मोजलं. मी पुन्हा एकशे बारा म्हणालो.

फोन मिळताच विश्वजित धावत आले. "माझी ताई गोमती नगरच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिकडेच न्या, प्लीज." जवळचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं, गोमती नगर शहराच्या दुसऱ्या टोकाला. हिमानीनं गोमती नगरला फोन लावला. तिथल्या डॉक्टर चेतना मॅडमनी एवढंच विचारलं, "बीपी कितना है?" हिमानीनं माझा आकडा सांगितला. "एक सौ बारह? तो ले आइए."

चारबाग स्टेशनपाशी गाडी अडकली. ऑटो, हमाल, बसगाड्या, भोंगा वाजूनही कोणाला हलायला जागा नव्हती. अबोलीचे ओठ पांढरे पडत चालले. "ताई, मला फार तहान लागलीय," ती म्हणाली आणि मग बोलेनाशी झाली. हिमानीनं ऑक्सिजन लावला, तिचे पाय उंच केले, सुबोधला गाडी उलट्या बाजूनं काढायला लावली. हॉस्पिटलच्या दारात तिनं शेवटचं मोजलं. मी शहाण्णव सांगितले. आत नेताच तिथल्या यंत्रानं शहात्तर सांगितले.

चेतना मॅडम अबोलीला ऑपरेशनला पाठवून बाहेर आल्या. हातात हिमानीचा कागद होता. "दो मिनट में बीस उतर गया? तुम लोग गाड़ी में बैठे-बैठे नंबर लिख देते हो. पहले से पता होता तो मैं उसे इतनी दूर आने ही नहीं देती."

"मॅडम, मैंने नापा था. हर बार नापा था."

"सब यही कहते हैं."

हिमानी परत गाडीत येऊन बसली आणि मला मांडीवर घेऊन रडली. मी तिच्या हातात होतो. सत्य माझ्या पोटात होतं आणि मला तोंड नव्हतं.

तक्रार आली. मॅनेजरनी हिमानीला घरी बसवलं. न मोजता आकडा लिहिल्याचं सिद्ध झालं तर तिचं नाव कायमचं खराब होणार होतं. असा ठपका असलेल्या ईएमटीला लखनौत कोणीच गाडीवर घेत नाही. मॅनेजरनी मला माणिकरावांच्या हवाली केलं. "नलावडेजी, आप सीनियर हैं. मशीन चेक करके परसों लिखकर दे दीजिए. आपका लिखा हॉस्पिटल मान लेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावांनी मला पिशवीत घातलं आणि चारबागजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मला सगळं कळलं. मी दुरुस्त झालो की माझा आकडा बरोबर येणार, मग "यंत्र ठीक आहे" हे लिहिणंही खरं ठरणार, आणि खोटी ठरणार ती पोर.

आता जे सांगतो त्याची मला सर्वांत जास्त शरम वाटते. मला आनंद झाला होता. आठ महिन्यांनी कोणीतरी माझं झाकण उघडत होतं. मला पुन्हा नेमकं व्हायचं होतं. हिमानीचं काय होईल, हे माहीत असूनही मी मनात म्हणत होतो, कर बाबा, लवकर कर.

कारागीर म्हातारा होता. भिंग लावून त्यानं माझ्या पोटात बघितलं. "दाँता सरका है. कहीं गिरा होगा. दस मिनट का काम है." त्यानं चिमटा उचलला आणि सहज विचारलं, "जिसके पास था, उसने बताया नहीं? ऐसी मशीन से तो आदमी मर जाए, साहब."

माणिकरावांनी कपाळावरचा घाम पुसला. चिमटा दात्याजवळ पोहोचला.

"रुकिए," ते म्हणाले. "ऐसे ही बंद कर दीजिए."

मी मनातून चडफडलो, हे कबूल करतो. मला न सुधारता झाकण लावलं गेलं.

चौकशीच्या दिवशी तळावरच्या खोलीत मॅनेजर होते, चेतना मॅडम होत्या, आणि खुर्चीच्या टोकाला हिमानी बसली होती. माणिकरावांनी कागद दिला नाही. त्यांनी बाही वर केली आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. "मॅडम, आप नापिए." मॅडमनी मोजलं. मी एकशे बावन्न दाखवले. मग त्यांनी स्वतःचं यंत्र काढलं. ते एकशे बत्तीस म्हणालं.

"हे माझ्या हातून पडलं," माणिकराव आधी मराठीत म्हणाले. मग भानावर येऊन हिंदीत, सावकाश. "आठ महीने से मुझे मालूम है. मैं बीस घटाकर लिखता था. इस लड़की ने पूछा था, मैंने नहीं बताया. इसने नापा था. जो दिखा वही लिखा."

चेतना मॅडमनी आपला तक्रारीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "मुझसे ग़लती हुई, हिमानी," त्या म्हणाल्या. हिमानीनं मान हलवली, पण ती माणिकरावांकडे बघत होती.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं ना. मी विचारलं होतं यार."

"हो बाळा."

"मग?"

तिनं त्यांना माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलते.

माणिकरावांची देखरेखीची जागा गेली. हिमानी गाडीवर परतली, पण गेलेला विश्वास तिच्याबरोबर परतला नाही. आता आमच्या गाडीनं आणलेल्या रुग्णाचा रक्तदाब गोमती नगरात दारातच पुन्हा मोजतात. सुबोध सांगतो, हिमानी त्यावर रागावत नाही. "नाप लीजिए सिस्टर, मैं रुकती हूँ," म्हणते, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत तिथेच उभी राहते.

मित्रांनो, वस्तू हातून पडतात. तुमच्याही पडतील. पडली तर कुणाला तरी सांगा. कोणी पाडली असं विचारतील, तेव्हा तेही सांगा. ओरडा खावा लागेल, लाज वाटेल, दोन दिवस जेवण जाणार नाही. पण तुम्ही मनात वीस वजा करत बसलात, तर ते वीस कधीतरी अशा माणसाच्या वाट्याला येतील, ज्याला त्याची कल्पनाही नसेल. वस्तूंकडूनही एक विनंती. आम्हाला जपा, पण आमची चूक जपू नका.

मला अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही. नव्या ईएमटींचं प्रशिक्षण सुरू झालं की माणिकराव पहिल्या दिवशी येतात. त्यांनीच मॅनेजरकडे तेवढं मागून घेतलं. ते मला दंडाला बांधतात, माझा खोटा आकडा मोठ्यानं वाचायला लावतात, मग खरा, आणि मग स्वतःचं नाव घेऊन सगळी हकीकत सांगतात. मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांनाही होत असणार.

परवाच्या तुकडीत अर्णव नावाचा एक मुलगा होता. सगळं ऐकून त्यानं हात वर केला. "सर, स्कूटीवाली मैडम का क्या हुआ?"

माणिकराव पट्टा सोडत होते. त्यांचा हात थांबला.

"बच गईं," ते म्हणाले. "मेरी वजह से नहीं."