खिंडीत उभी राहिलेली सासू

हास्केदानं सकाळपासून माग सोडला नव्हता. उलटलेला दगड, काटेरी फांदीला अडकलेला घोंगडीचा धागा, एवढ्यावर तो गोऱ्यांच्या पलटणीला ड्रॅगून डोंगरात इतका वर घेऊन आला होता. गोऱ्या सरकारनं अपाचेंना डांबलेल्या वस्तीतून पळालेले लोक आता समोरच्या खिंडीपलीकडेच होते. त्यांत त्याच्या बायकोचा सख्खा भाऊही होता. पण कुणी पळालं की गोरे मागे राहिलेल्यांचा शिधा तोडायचे. हास्केदाच्या पोरीनं उन्हाळाभर उपास काढले, तेव्हा त्यानं सैन्यासाठी माग काढणाऱ्यांची लाल पट्टी डोक्याला बांधली.

शेवटचं वळण घेतलं आणि त्यानं झटकन पाठ फिरवून तोंडावर घोंगडी ओढली.

"काय रे?" बेनितोनं विचारलं. तोही माग काढणारा, हास्केदाचा चुलतभाऊ.

"ती आहे."

नाव घ्यायची सोय नव्हती. जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, सासूनं जावयासमोर यायचं नाही. अपाचे माणूस मरेल, पण हे मोडणार नाही. आणि ती म्हातारी हात पसरून भर वाटेत उभी होती.

"बेनितो!" ती कडाडली. "त्या लाल फडकेवाल्याला सांग, ये म्हणावं पुढं! माझ्या लेकाला धरायला निघालाय ना? मग माझं थोबाडही बघून घे म्हणावं."

"मावशी, बाजूला हो. गोळ्या घालतील."

"घालू देत! लेकीच्या हातून याला हरणाचं मटण मीच पाठवत होते. कुत्र्याला घातलं असतं तर कुत्रं खाल्ल्याला जागलं असतं."

मागून पलटणीचा लेफ्टनंट धापा टाकत आला. "थांबलात का? म्हातारीला भ्यालात?"

"मी पुढं जाणार नाही," हास्केदा घोंगडीआडून म्हणाला.

"हुकूम आहे!"

"मग दुसरा कुणी बघा."

बेनितोनंही खाली बसकण मारली. शिपायांनी म्हातारीला ओढत नेऊन खेचरावर बांधलं आणि पलीकडं घुसले. तिथं नुसता उघडा कातळ. संध्याकाळपर्यंत धुंडाळलं, पण एक पाऊल सापडलं नाही.

परतीच्या वाटेवर हास्केदा सगळ्यांच्या फार पुढं चालत राहिला. तरी तिचे शिव्याशाप वाऱ्यावर येतच होते. त्याच्या मनात संताप उकळत होता. रीत मोडली तिनं, तोंड लपवायची वेळ मात्र त्याच्यावर.

वस्तीत त्याची बायको नालीन खोपीच्या दारात उभी होती. खेचरावर आई दिसताच तिनं आत जाऊन नवऱ्याचं खोगीर आणि कपडे उचलून बाहेर फेकले. अपाचे बाईनं असं केलं की लग्न मोडलं.

"मी नाही बांधलं तिला," हास्केदा म्हणाला. "मी तर थांबलो."

"तिला बघून थांबलास. माझ्या भावाचा माग काढताना का नाही थांबलास?"

आतून पोरगी रडत होती. नालीननं दारावर कातडं ओढून घेतलं.

तो बेनितोकडं गेला. बेनितोच्या बायकोनं पाणी दिलं, पण हातात नाही, जमिनीवर ठेवलं. "निजायचं तर बाहेर," ती म्हणाली.