तीस हजारांचा साहेब

कर भरायचा म्हटलं की गुरुनाथच्या जिवावर यायचं. परदेशात, सँडीफोर्डला तो कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहायचा, तेही स्वतःच्या कंपनीमार्फत. कंपनीत माणूस एकच: मालक तोच, नोकर तोच. वर्षाला सव्वा लाख युरोची बिलं जात, पण मालक नोकराला पगार द्यायचा फक्त तीस हजार. पगार वाढवला की वरच्या पैशातला निम्मा सरकार नेणार. कंपनीतच राहू दिला तर साडेबारा टक्क्यांत सुटका. एकट्या जीवाला लागतं किती? ही युक्ती तो मित्रांना मिटक्या मारत सांगायचा. शहाणा होता ना, दीडशहाणा!

२०१८च्या मार्चमध्ये नागपूरला त्याची आई, विभावरीबाई, न्हाणीघरात पडली. वडील जाऊन वर्ष झालेलं, घरात दुसरं कोणी नाही. शेजारच्या माधवीने दार तोडून घेतलं तोवर आई सात तास ओल्या फरशीवर पडून होती. त्याच दिवशी गुरुनाथने तिला कायमची इकडे आणायचं ठरवलं आणि अर्ज केला.

सहा महिन्यांनी नकार आला. आईला आणायचं तर कर वजा जाता वर्षाला साठ हजार हातात पडलेले हवेत, तेही मागची सलग तीन वर्षं.

तो अकाउंटंट ओर्लाकडे धावला. "कंपनीच्या खात्यात एवढे पैसे आहेत. ते माझेच ना?"

"कंपनीचे," ती म्हणाली. "आज काढलेस तर ती यंदाची कमाई. मागची वर्षं बदलता येत नाहीत. आतापासून पूर्ण पगार घे, तीन वर्षांनी सगळं ग्रँड, एकदम ठीक."

आईला एक्क्याऐंशीवं लागलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

रविवारी आईचा फोन आला. "कधी नेऊन राहिला मला?"

"तीन वर्षं लागतील, आई. माझा पगार कमी पडला."

"मंग साहेबाले सांग ना! म्हणा, माय एकटी आहे, पडली होती, जरा पगार वाढवा. त्यालेही माय असंलच की."

"साहेब मीच आहे, आई. कंपनी माझी. पगार मीच ठरवतो."

तिकडे आईने घरघरणारा पंखा बंद केला.

"म्हणजे," आई हळूच म्हणाली, "तूच नाही म्हटलं का रे मला?"