जयवंताला बोलावणं

कुडापलीकडे साखरबाईचा फोन पुन्हा वाजला. सकाळपासूनची ही पाचवी खेप. शेळ्यांपुढे पाला टाकताना जयवंताने मान वळवली नाही, पण खेप बरोबर मोजली.

"आत्या, त्यांना कुणीतरी हाक मारली असंल," सून रेश्मा म्हणाली. "शेळीवाल्यांच्या ग्रुपवर नवी सोय झालीया. कॉमेंटमधी नावाआदी ते वेटोळं टाकलं, की त्या माणसाचा फोन वाजतो."

"मग माझा का वाजत न्हाय? बिघडलाय जणू."

"बिघडला न्हाय. तुमचं नाव कुणी घेतलं न्हाय."

पोरगी खरं बोलत होती, तेच लागलं.

मोरगावच्या आसपास शेळी विताना अडली की तीस वर्षं जयवंतालाच बोलावत. माणूस दारात यायचा, नाव घेऊन "चला" म्हणायचा, मगच ती उठायची. बोलावल्याशिवाय ती कुणाच्या गोठ्यात शिरली नाही. साखरबाई तेव्हा तेलाची बाटली धरून मागून यायची. पन्नाशीला दोघी एकाच वर्गात अक्षरं शिकल्या, त्यातही जयवंताचाच हात बरा होता. पण साखरबाई ग्रुपवर रोज करडांचे फोटो टाकायची, आणि आता इंदापूरपर्यंतची माणसं तिलाच विचारत होती.

दुपारी पलीकडचा फोन लागोपाठ दोनदा वाजला. जयवंताने आपला उघडून पाहिला. कळंबच्या राजलक्ष्मीने लिहिलं होतं :

"@साखरबाई, एकच शेळी हाय माझी, पहिलारू. अडलीया. एक पाय भाइर हाय, मुंडी दिसत न्हाय. डाक्टर फोन उचलंना. लवकर सांगा."

साखरबाई दळणाला गेली होती. फोन रिकाम्या घरात वाजतोय, हे सगळ्या ग्रुपात एकट्या जयवंताला ठाऊक होतं.

तिचा हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे गेला. उजवा पंजा मनगटापर्यंत चोळून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की शेळी पन्नास किलोमीटरवर आहे. मग डाव्या बोटाने तिने एकेक अक्षर लिहिलं. हाताला तेल लावा. करडू हळू मागं ढकला. मुंडी वळलेली असंल, ती सरळ करा. शेळीनं कळ दिली की मगच ओढा.

आता फक्त पाठवायच्या बाणावर बोट टेकायचं होतं. ते टेकेना.

"आत्या, कुणाला लिवताय?" रेश्माने आतून विचारलं.

"कुणाला न्हाय. मला कुठं कोण इचारतंय!"

पलीकडे फोन वाजला. "@साखरबाई, वरडायची थांबलीया ती."

जयवंताने लिहिलेलं पुन्हा वाचलं. तरी ती बसून राहिली. एकदा, नुसतं एकदा कुणी नाव घ्यावं. बाण तर बोटाखालीच होता.

पाऊण तासाने पलीकडचं दार करकरलं, दळणाचा डबा आदळला. आणि जयवंताच्या हातातला फोन वाजला. केवढ्याने वाजला! साखरबाईने लिहिलं होतं :

"@जयवंता अक्का, तुमीच सांगा. माझं डोकं चालंना. तुमच्यासारका हात कुणाचा न्हाय."

तिने त्याच क्षणी बाण दाबला.

कळंबहून थोड्या वेळाने आलं : "@जयवंता अक्का, शेळी गेली वो. करडूबी गेलं. पण तुमी बोलावल्या बोलावल्या धावला, एवढं कोण करतं."

मग फोन थांबेचना. पिंपळीहून वाजला, कुठून कुठून वाजला.

"अक्का, बगितलं का?" साखरबाई कुडावरून डोकावली. तिचे डोळे भरले होते. "मी घरी असते तर... पर समदी तुमचं नाव घेत्यात बगा. किती पटकन लिवलंत!"

जयवंताने फोन कोंबड्यांच्या डालग्याखाली सरकवला आणि चुलीतली मूठभर राख घेऊन उजवा हात चोळू लागली. तेल निघेना. डालग्याखाली तिच्या नावाने फोन वाजत होता.