तोंड नटाचं, हात काकांचे

भाच्याने आपल्या सिनेमासाठी जमवलेला नट दिसायला देखणा, पण पत्ते धरायचा ते वाढप्याने ताटं धरावीत तसे. सिनेमा चोरट्या पोकरच्या अड्ड्यावरचा, आणि नायकालाच पत्ते पिसता येईनात! मग भाच्याला काका आठवले. तोंड नटाचं दाखवायचं आणि हात काकांचे, असं ठरलं.

काकांचे हात म्हणजे काय विचारता! त्या हातांनी दुकान घालवलं, दागिने घालवले, शेवटी बायकोही, म्हणजे भाच्याची मावशी, घालवली. मावशी भावाकडे राहायला गेली ती आजतागायत तिथेच. पुढे काकांनी कान पकडले, पत्त्यांवर पाणी सोडलं. शूटिंग आटोपलं की तिने परस्पर काकांच्या घरी जायचं आणि संसार पुन्हा मांडायचा, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. तिनेही हो म्हटलं. नाही म्हणायला तरी अंगात त्राण हवं.

भर दुपारी तळघराच्या खिडक्यांना काळं कापड लावून रात्र केली होती. खोट्या धुराने मावशीचे डोळे चुरचुरत होते. ती कॅमेऱ्यामागे खुर्चीवर बसली.

"काका, सोपं आहे," भाचा म्हणाला. "सगळ्या चिप्स पुढे सारायच्या, शेवटचा पत्ता उलटायचा. चौकटची दुर्री निघेल. तुम्ही हरलात. हात तसेच राहू द्या."

काकांनी चिप्स सारल्या. दुर्री निघाली. सावली पडली म्हणून पुन्हा. फोकस गेला म्हणून पुन्हा. कुणीतरी शिंकलं म्हणून पुन्हा. दर वेळी तीच दुर्री. सहायक मुलगी ती काकांच्या डोळ्यांदेखत लावून ठेवायची.

सगळे मॉनिटरवरचे हात बघत होते. काकांच्या तोंडाकडे बघणारी एकटी मावशीच. पत्त्याला बोट लागलं की हा माणूस श्वास रोखायचा. खाली दुर्रीच आहे हे पक्कं ठाऊक, तरी डोळ्यांत अशी काही आशा, की लेक झाली तेव्हाही हे तोंड इतकं उजळलं नव्हतं. दुर्री निघाली की उतरायचं, पत्ते पुन्हा मांडले की उजळायचं.

तिला राग आला नाही. तो केव्हाच येऊन संपला होता. नुसतं दमायला झालं, आणि कीव आली, त्याची आणि स्वतःचीही.

"झकास, काका!" भाचा ओरडला. "पॅक अप!"

"हात थरथरले रे जरा," काका म्हणाले. "अजून एकदा घेऊ या."

"अहो, तेच तर हवं होतं!"

"एकदाच. या खेपेला बघ तू." काकांची नजर गड्ड्यावरून हलेना.

भाच्याने हसून त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि मावशीकडे आला. "चल मावशी, तुला काकांच्या घरी सोडतो. ते येतील मागून."

"नको रे. मामाकडेच सोड."

"आता काय झालं? अगं, सगळं खोटं होतं ते! एक पैसा नव्हता डावावर."

"हो ना," मावशी उठत म्हणाली. "पैशांसाठी खेळतात, असं वाटायचं रे मला इतकी वर्षं."