विनाथांबा नऊ तास

टक्‌ करून पट्ट्याचं बकल लागलं आणि दुपारची शांतता मोडली. माझे सासरे बिट्टीला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला बांधत होते. स्वतःच्या पँटच्या पट्ट्याने.

"घट्ट होतंय का गं?"

"पोटाला होतंय."

"मग श्वास थोडा थोडा घे."

हे सगळं माझ्यामुळे. सात हजार किलोमीटरवरच्या शहरात नवऱ्याला नोकरी लागून वर्ष होत आलं, आणि येत्या शनिवारी मला चार वर्षांच्या बिट्टीला घेऊन एकटीने तिकडे जायचं होतं. विमानात नऊ तास. माझी ही लेक केस कापायला दहा मिनिटं बसत नाही. तिने वर ढगांत भोकाड पसरलं तर तिला घेऊन जाऊ कुठे? सासरे, म्हणजे बाबा, मात्र म्हणाले, "त्यात काय, तालीम करू."

ते स्वतः येणार नव्हते. दोन गल्ल्या सोडून वन्सं राहतात, त्यांच्याकडे जाणार होते. "तिकडे मला एकही रस्ता पाठ नाही," एवढंच म्हणाले आणि विषय संपला.

बाबांची उभी हयात बसच्या कंडक्टरकीत गेली. अजूनही स्वयंपाकघरात पाय फाकवून, फ्रिजला खांदा टेकून उभे राहतात, जसं काही पुढे वळण आहे. त्यामुळे आमचं विमान सुटलं ते "चला, आत सरकून घ्या" अशा आरोळीवर. मी शेजारच्या खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. ट्रेमधून बिस्किटं आली, पाणी आलं. बिट्टी शहाण्यासारखी बसली होती. तेवढ्यात बाबांनी पेल्यावर चमचा वाजवला.

"थांबा आलाय. उतरणार का कोणी?"

"मी." पट्टा सुटला आणि बाई थेट गॅलरीत.

"बाबा, विमानाला मधे थांबे नसतात."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"आणि कुणाला वाटेत उतरायचं असलं तर?"

"खाली समुद्र आहे, बाबा."

ते विचारात पडले. "मग ड्रायव्हर चहा कुठे घेतो?"

बिट्टीला पकडून आणून पुन्हा बांधली. या खेपेला बाबा स्टूल ओढून तिच्यापुढे बसले आणि त्यांच्या जुन्या मार्गावरचे थांबे एकेक करून सांगू लागले. इथे कोंबडी घेऊन एक मावशी चढायची, कोंबडीचं तिकीट मागितलं की कोंबडीच ओरडायची. तिथे एक मास्तर रोज झोपेत पुढे जायचे आणि रोज बाबांनाच रागवायचे. प्रत्येक थांब्यावर बिट्टीचं एकच, "मग?" गाडी मात्र कुठेच थांबली नाही. खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं, माझ्या घड्या संपल्या, आणि पोरगी जागची हलली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच एक बिस्कीट खाल्लं. गोष्टी तर मलाही सांगता येतील. जमेल आपल्याला.

"पोचलो," मी पट्टा सोडत म्हटलं. "ते बघ, पप्पा न्यायला आले."

"आणि आजोबा?"

"आजोबा इथेच. ते येतील नंतर कधीतरी."

बाबा खाली वाकून बिस्किटांचा चुरा गोळा करू लागले. बिट्टीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पण आई, विमान मधे कुठेच थांबत नाही ना? मग आजोबा चढणार कुठून?"